सड्यावरची सातवी लाईन

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

पोचले एकदाची. कराडहून सकाळी सहाची एस.टी. धरली होती. आंबा घाट उतरल्यावर हवा अशी बदलली की स्वेटर काढून पिशवीत कोंबला. तो आता महिनाभर तिथेच राहणार असं दिसतंय.

खोली मिरकरवाड्याच्या वरच्या आळीत मिळाली आहे. खाली सोनूबाई एकट्या राहतात, वर मी. त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर असतो, सहा महिने समुद्रात आणि सहा महिने घरी. मला पाहताच पहिला प्रश्न, मासे खातेस ना? मी म्हटलं, खाते, पण काटे काढता येत नाहीत. त्या इतक्या हसल्या की शेजारची बाई काय झालं बघायला आली. रात्रीच्या जेवणाला बांगड्याचं तिखलं आणि भात होता. काटे त्यांनीच काढून दिले.

खिडकीतून बंदर दिसतं. ट्रॉलरवर रंगीबेरंगी झेंडे आहेत, बर्फ फोडायचा आवाज सतत येतो आणि वास तर विचारूच नका. पण मला आवडलं. गेली चार वर्षं मी ज्या शहरांत शिकवायला गेले तिथे लॉजच्या खिडकीतून दुसऱ्या लॉजची भिंतच दिसायची.

उद्यापासून काम सुरू. इथले रस्ते उकरून जमिनीखालून वीज, गॅस, फायबर जाणार आहे. खणणाऱ्या माणसांना खाली आधीपासून काय पुरलेलं आहे ते शोधता यायला हवं. तेवढंच मी शिकवते. आठ जणांची पहिली तुकडी आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

मैदान फार छान दिलंय. गावाबाहेर उघडा सडा, नजर जाईल तिथपर्यंत काळाकरडा कातळ आणि त्यावर वाळून सोनेरी झालेलं गवत. पश्चिमेला चारशे मीटरवर सडा संपतो आणि कडा सरळ समुद्रात उतरतो. आमच्या कामासाठी मे महिन्यात कातळ फोडून एका कोपऱ्यात सहा लाईनी पुरून ठेवल्या आहेत: दोन विजेच्या केबल, दोन पाण्याचे पाइप, एक गॅसचा आणि एक फायबरचा. कशातूनही काही वाहत नाही, सगळं सरावापुरतं. नकाशा फक्त माझ्याकडे.

माणसं बरी आहेत. मुकादम दादू साठीला आलेले, संगमेश्वरकडचे. ते प्रत्येक यंत्राकडे जावयाकडे बघावं तसं बघतात. बाबल्या अखंड बडबड्या. चिपळूणची अक्षया डिप्लोमा झालेली, तिला पुढे सुपरवायझर व्हायचंय. आणि मालगुंडचा अजिंक्य. आधी चिऱ्याच्या खाणीवर होता, शिमग्यात नमनाला मृदंग वाजवतो. कान असा तयार की इतरांना दहा वेळा सांगावं लागतं ते त्याला एकदा सांगितलं की पुरतं.

यंत्राचे दोन भाग असतात. एक पेटी लाईनमध्ये सिग्नल सोडते आणि हातातली काठी तो सिग्नल पकडते. काठी लाईनच्या बरोबर वर आली की शिट्टी चढते आणि पडद्यावर खोली उमटते. मग रंगाने खूण करायची. विजेला लाल, पाण्याला निळा, गॅसला पिवळा, फायबरला नारिंगी. ज्याची ओळख पटत नाही त्याला गुलाबी. त्यानंतर हाताने चाचणी खड्डा, आणि मशीन सगळ्यांत शेवटी.

नेहमीचं वाक्यही सांगितलं: नजर पडद्यावर, कान शिट्टीवर, आणि एकदा लाईन धरली की ती तुटेपर्यंत सोडायची नाही. अकरा शहरांत हे सांगत आलेय.

निघायच्या वेळी बाबल्या ओरडला की त्याला सातवी सापडली. सगळे हसले. मीही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सातवी आहे.

आठही जणांना सापडली, मलाही सापडली. सरावाच्या जागेतून निघून सरळ पश्चिमेला जाते. खोली १.९२ मीटर. पेटी बंद होती, म्हणजे लाईनमध्ये स्वतःचा प्रवाह असला पाहिजे. वीज खात्याच्या वायरमनला फोन केला. तो भला माणूस मोटरसायकल काढून आला, चारी दिशांना हात करून म्हणाला की सगळ्यांत जवळचा खांब दीड किलोमीटरवर, जमिनीखाली इथे काही नाही, कधी नव्हतं. पाणी, टेलिफोन, सगळ्यांकडून तेच उत्तर.

गुलाबी खुणा केल्या. शिकवायला उलट छानच झालं. नकाशात नसलेलं काहीतरी जमिनीत असतंच, हे मला निराळं सांगावं लागलं नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज १.६० दाखवते. काल १.९२. तीच जागा, तीच खूण. दुसरी काठी लावून पाहिली, तिचंही १.६०. दव पडून जमीन ओली झाली की थोडा फरक पडतो, पण इतका नाही.

उद्यापासून चाचणी खड्डा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दोन दिवस खणलं. आधी ब्रेकरने वरचा थर फोडला, पुढे पहार आणि टिकाव. अजिंक्य आणि दादूंनी असा चौकोन उतरवला की विहीर वाटावी. पावणेदोन मीटर खोल. खाली केबल नाही, पाइप नाही, काही नाही.

मी वाकून बघत होते तेव्हा दादू खड्ड्यातून वर बघत म्हणाले, "मॅडम, ह्यो कातळ फुटल्याला नाय. हितं कदी कोनाची पार लागल्याली नाय. मग ती लाईन आत गेली कशी?"

हे मलाच आधी दिसायला हवं होतं. लाईन टाकायची म्हणजे चर खणावा लागतो, चर बुजवला की भराव दिसतो. इथे चारी बाजूंना अखंड जांभा, त्यात मुंगी शिरेल एवढीही भेग नाही.

मी काठी घेऊन खड्ड्यात उतरले. तळाशी शिट्टी नाही. वर आले, खड्ड्याच्या कडेने फिरले. उत्तरेच्या कडेला शिट्टी चढली. ती पकडून चालत गेले तर लाईन खड्ड्याला अर्धा वळसा घालून पुढे पुन्हा आपल्या जुन्या खुणांवर येते. परवा ती सरळ होती. आठ जणांनी सरळ खुणा केल्या आहेत, त्या अजून तशाच दिसतात.

खोली ०.९०.

सगळ्यांनी घाईने अवजारं आवरली. बाबल्यानेसुद्धा. टेम्पोत बसताना अजिंक्यने विचारलं की मॅडम, काठी बंद असली तरी शिट्टी कानात राहते का. मी म्हटलं, राहते, पहिल्या आठवड्यात सगळ्यांना होतं तसं.

तसं होत नाही. कोणाला झालेलं मला आठवत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी दोरी बांधली आणि सांगितलं की सातव्या लाईनकडे कोणी फिरकायचं नाही. सहांवरच सराव करायचा.

जेवणाच्या सुट्टीत मी दादूंशी बोलत बसले होते. डबे आवरले तेव्हा अजिंक्य नव्हता. एक काठी नव्हती. गुलाबी डबा नव्हता.

खुणा दोरीच्या पलीकडून सुरू झाल्या होत्या. मीटरभर अंतरावर एकेक, मी शिकवल्या तशा बाणासकट. आम्ही धावत सुटलो. वाटेत करवंदीची मोठी जाळी आहे, खुणा तिच्या आतून गेल्या होत्या. तो वळला नव्हता, जाळीतून आरपार गेला होता.

अक्षया सगळ्यांत पुढे होती. तिने त्याला मागून मिठी मारून खाली पाडलं तेव्हा कडा तीस पावलांवर होता.

त्याच्या पोटऱ्या फाटून रक्त वाहत होतं, ते त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं दोन-तीन मिनिटं झाली असतील. मी खूप रागावले, म्हणजे घाबरले होते म्हणून ओरडले. तो लहान मुलासारखा माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमीच सांगितलंत ना मॅडम, लाईन तुटंपर्यंत सोडायची नाय. ती तुटतच नव्हती."

जखमा धुऊन त्याला दादूंबरोबर घरी पाठवलं. दोन्ही काठ्या, पेटी आणि रंगाचे डबे सोनूबाईंच्या खालच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात आहे.

काठी ठेवताना पडद्यावर पाहिलं. शेवटचं माप ०.४१.

रविवार, ९ नोव्हेंबर

पुण्याच्या ऑफिसला फोन केला. मैदान बदलून द्या म्हटलं. साहेब म्हणाले, जागा बदलायला पंधरा दिवस जातील, तेवढे दिवस कोण थांबणार? माणसाला ऊन लागलं असेल. आठही जणांची प्रमाणपत्रं शुक्रवारपर्यंत हवीत.

सोनूबाईंना विचारलं, त्या सड्यावर काही आहे का. खरं तर मला हवंच होतं काहीतरी. एखादी गोष्ट, एखादी बाळंतपणात गेलेली बाई, एखादा राखणदार. त्याला नारळ दिला असता. त्या मासे साफ करता करता म्हणाल्या, "अगो, तिथे काय असायचंय? गुरं चरतात. आम्ही लहानपणी गवत कापायला जायचो." कधीच काही घडलेलं नाही. कोणी काही सांगितलेलं नाही.

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं.

नाशिकला मी साइट इंजिनिअर होते तेव्हा आत्माराम नावाच्या माणसाची पहार अकरा हजार व्होल्टच्या केबलवर बसली. नकाशात ती केबल दीड मीटर बाजूला दाखवली होती. मी नकाशावर विश्वास ठेवला होता. म्हणून नोकरी सोडून मी हे शिकवायला लागले. माझ्या हाताखालच्या माणसाला पुन्हा जमिनीतून काही होऊ नये, एवढ्यासाठी.

उद्या सड्यावर जाणार नाही. कोणालाच नेणार नाही. साहेब काय करायचं ते करोत. खोलीतच नकाशे वाचायला शिकवेन.

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी सव्वानऊला सानवीचा फोन आला. अजिंक्यची बायको. तो पावणेसातच्या गाडीने निघाला, फोन उचलत नाही, पोचला का?

तो माझ्याकडे आला नव्हता. मी सगळ्यांना रात्रीच निरोप दिला होता की आज खोलीवर यायचं. त्यानेही हो म्हटलं होतं.

मी, दादू आणि अक्षया रिक्षाने सड्यावर गेलो.

रस्त्याला लागून जिथे गाडी थांबते तिथून सुरुवात होती. जांभ्याचे लहान लहान खडे, मीटरभर अंतरावर एकेक, सरळ रेषेत. काठी माझ्या कुलपात होती. रंग कुलपात होता. त्याने खड्यांनी खुणा केल्या. एकही खूण चुकलेली नाही. इतकं नेटकं काम माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने केलेलं नाही.

शेवटचा खडा अगदी कडेला होता.

अकराला मिरकरवाड्याच्या एका होडीने त्याला खालच्या खडकांवरून काढलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पंचनाम्यात पाय घसरला असं लिहिलंय. मी पोलिसांना सगळं सांगितलं. फौजदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पाणी दिलं.

मालगुंडला गेलो. अंगणात माणसंच माणसं. मृदंग खुंटीवर होता. सानवी माझ्यासमोर येऊन बसली, कडेवर मुलगी. मला वाटलं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

तिने एवढंच विचारलं, "त्यांना कसली ओ शिट्टी ऐकू यायची?"

बुधवारपासून येत होती म्हणे. जेवता जेवता हात थांबायचा, मान वाकडी करायचा आणि म्हणायचा, जवळ आली.

मुलगी माझ्या ओढणीचं टोक ओढत होती.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दादूंना घेऊन सड्यावर गेले. दोघांनी एकमेकांच्या कमरेला दोरी बांधली होती. काठी मीच धरली.

सातवी नाही. कुठेच नाही. सरावाच्या जागेत सहा, नकाशात सहा. पश्चिमेला दोनशे पावलं गेले, शिट्टीचा टिपूससुद्धा नाही. दादू मटकन खाली बसले आणि रडले. मीही.

पुण्याला राजीनामा पाठवला. परवाच्या गाडीने कराडला जाते. तुकडी बंद, सगळ्यांना घरी पाठवलं. संपलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी दात घासताना ऐकू आली.

आधी वाटलं बंदरावरचं काही असेल. कान झाकले. कान झाकल्यावर जास्त स्पष्ट.

खालून काठी आणली. आणायला नको होती. खोलीच्या फरशीवर धरली आणि ती चढली. पलंगाच्या खालून निघून दाराकडे जाते. खोली ०.३४.

मी वरच्या मजल्यावर राहते. फरशीखाली वीतभर स्लॅब आहे आणि त्याखाली सोनूबाईंचं स्वयंपाकघर. ०.३४ म्हणजे लाईन त्यांच्या डोक्यावर, हवेत. खाली जाऊन पाहिलं. छताला पोपडे आणि पंखा. तिथे काठी मुकी.

वर आले तर ०.२९.

ती सड्यावर नव्हतीच. आमच्यापैकी जो तिला ऐकतो त्याच्या —

नाही. नीट विचार करायला हवा. बाकीच्यांना विचारायला हवं. अक्षयाला फोन करते. तिने सगळ्यांना विचारावं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी ९. काठीवर ०.०८. बॅटऱ्या काढून परसात फेकल्या. शिट्टी चालूच.

अक्षयाचा फोन आला. दादू, बाबल्या, बाकीचे चौघे, ती स्वतः. कोणालाही ऐकू येत नाही. सहा वेळा विचारलं मी. देवाची कृपा. मग एकटी मीच. ती चिपळूणहून निघाली आहे, बारापर्यंत पोचेल आणि मला घेऊन जाईल. तोवर खोलीबाहेर पडू नका म्हणाली.

सोनूबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. जाळ्याची दोरी आणून माझा पाय पलंगाला बांधला, मुलाने शिकवलेली गाठ मारून. बाहेरून कुलूप घालते म्हणाल्या. आणि म्हणाल्या, लिहीत बस, हात कामात असला की मन ठिकाणावर राहतं.

म्हणून लिहितेय.

९.४०. आवाज वाईट नाही, हेच वाईट आहे. नवीन केबल पहिल्यांदा सापडते तेव्हा जसा आनंद होतो तसं छातीत होतंय.

१०.१०. उठून उभी होते. कधी उठले माहीत नाही. दोरी ताणलेली. पुन्हा बसले.

१०.३५. आठ जणांना, आणि त्याआधीच्या शेकडो जणांना मी कान द्यायला शिकवलं. कान काढून कसा घ्यायचा ते नाही शिकवलं. मलाच येत नाही. हे सानवीला कळवायला हवं. अजिंक्यची चूक नव्हती. त्याने माझं ऐकलं. कोणीतरी तिला —

११.०५. पलंग सरकला. मी सरकवला. दोरीवर नखं चालवतेय, बघतेय पण थांबत नाही. बोटं सोलवटली. अक्षयाला फोन — फोन कुठे —

११.२०. सोनूबाई चहा घेऊन आल्यात. कुलूप काढल्याचा आवाज. त्यांना ओरडून सांगायला हवं, काढू नका. तोंड उघडतेय, पण शिट्टीवरून कान हलत —

घड्याळात १२.५०. मधला वेळ —

अक्षरं अशी का उडतायत. मी बसून लिहितेय. खोलीत बसून —

वारा फार. पान हाताने दाबून धरावं लागतंय. खिडकी मी स्वतः बंद केली होती

पायाखाली फरशी नाही

अक्षया आली. हाक मारतेय. आली ती, वेळेवर आली. पण इतक्या लांबून का. आणि मागून का. मी तर दाराकडे तोंड करून

ती म्हणतेय थांबा, मॅडम थांबा. मी थांबलेच आहे. केव्हाची थांबले आहे. मला दिसतंय ना, माझे पाय एकाच जागी, एकाच जागी, मग कडा कसा जवळ